खोलीचं तापमान

माटुंग्याच्या फुलबाजाराच्या तोंडाशी
शेनबगम बसते, मांडीवर केळीचं ओलं सोपट.
अबोलीची दोन फुलं इकडे, दोन तिकडे, मधे गाठ.
बोटांकडे ती बघत नाही, बघते रस्त्याकडे.
मी वीतभर घेते. माझे केस कापलेले,
गजरा सूक्ष्मदर्शकाशेजारी पडून राहतो.

पहिल्या दिवशी विजयकर बाई म्हणाल्या होत्या,
पार्श्वशृंखलेचा पॉलिमर फळ्यावर काढ.
मी गजरा काढला.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, देठ कुठेयत?

देठ.
दोऱ्याला गुंडाळून पडायचं असतं,
वळणावर टाकलेल्या सुतळीसारखं.
फुलांना सगळ्यांनी मिळून एकीकडे बघायचं असतं.
देठ आखूड, तर दोऱ्याचा प्रत्येक हिसका
फुलाच्या मानेपर्यंत.
लांब, तर खाली काय चाललंय ते वर कळतच नाही.
मी सहा कार्बनांचा घेतला.
त्यात अकरा महिने गेले, आणि एक फ्लास्क,
ज्याबद्दल ब्लेझने अजून कुणाला सांगितलेलं नाही.

एकशे अठराला सगळं काळं.
ध्रुवकांच्या फुलीत काळोख म्हणजे नुसता द्रव,
कुणाचं तोंड कुणीकडे.
एकशे सोळाला उजेड फुटतो, त्यात काळे धागे
चुळबुळतात. दिशा आहे, रांग नाही.
ब्याण्णवला पंखे उघडतात,
जपानी पंख्यांसारखे, एकावर एक रेललेले.
थर लागले. साबणात असतात तसे,
या अवस्थेचं नावही ग्रीकांच्या साबणावरूनच आलंय.
मग खाली, खाली,
आणि एकतीसला काच.
थर तसेच. फक्त आता कुणाला हलता येत नाही.

एका जुन्या जर्मन निबंधात वाचलं होतं:
अशा फिल्मवर लिहिलेलं खोलीच्या तापमानाला टिकतं.
मी सुई तापवली, एक अक्षर लिहिलं.
ळ.
का ळ, ते विचारू नका. दोन वेटोळी, एक दांडा,
आणि निबंध लिहिणाऱ्याला तो म्हणता आला नसता.
झटकन गार केला. पंख्यांच्या झगमगाटात
राखाडी, बारीक दाण्यांचा ळ.

मग आंबेडकर जयंती आली, तिला लागून गुड फ्रायडे,
मग शनिवार-रविवार.
रखवालदाराने वीज वाचवली, एसी बंद केला.
चुकलं नाही त्याचं. पाटीच आहे तशी, दारावर.

सोमवारी भिंतीवरचा पारा चौतीस.
ळ होता.
पण सुजल्यासारखा. पोटात त्याच्या
लहान-लहान पंखे उघडलेले,
दाणे शेजारच्या दाण्यांना मिळालेले,
कडा कुठे संपते ते सांगता येईना.
चार दिवस, बंद खोलीत, कुणी न सांगता.
मला राग यायला हवा होता.
मी बघतच बसले.

बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला, डोळा लावला.
वहीत लिही.
काय लिहू, ळ फिसकटला?
तापमान लिही. खोलीचं.
आणि कुठल्या खोलीचं, तेही.
दारातून वळून: देठ आखूड कर. चारचा घे.

चारचा, म्हणजे काच पन्नासच्या आसपास.
म्हणजे एप्रिल चालेल, मे चालेल.
म्हणजे थर बहुधा लागणारच नाहीत, नुसते धागे.
म्हणजे परत पहिल्यापासून, नवा फ्लास्क.

शेनबगमला विचारलं, देठ आखूड तोडले तर?
तिनं एक फूल गळ्याशी चिमटलं, गाठ आवळून दाखवली.
घट्ट बसतं, म्हणाली. गिऱ्हाईक घेत नाही.

मागणीचा कागद उद्या भरीन.
आज एसी बंदच ठेवलाय.
आयपीस घामानं ओला, अबोली मऊ पडलीय,
पारा चौतीसवर.
ळ अजून थोडा पसरतोय.